शोकेसचा मधला कप्पा

आमच्या शोकेसला तीन कप्पे आहेत. वरच्या कप्प्यात मरियेची मूर्ती आणि पप्पांनी मस्कतहून आणलेला, आजवर चहा न पाहिलेला टी-सेट. खालच्यात रिमोट, लाइटची बिलं, संपलेले सेल आणि पाहुण्यांनी दिलेल्या, पण पुढे कोणालाच देता येणार नाहीत अशा भेटवस्तू. मधला कप्पा मात्र डोळ्यांसमोर येतो. घरात शिरलेल्या माणसाची पहिली नजर तिथेच पडते. त्या कप्प्यात माझं बालपण, तारुण्य आणि बेकारीचा काळ गेला. म्हणजे लहानपणी चर्चमध्ये झालेल्या माझ्या पहिल्या कम्युनियनच्या फोटोचा. पांढरा सूट, हातात मेणबत्ती, चेहऱ्यावर पावित्र्य. बूट चावत होता, त्यामुळे पावित्र्य जरा जास्तच आलंय.

गेल्या जूनमध्ये मला खालच्या कप्प्यात हलवण्यात आलं. रिमोटजवळ.

माझ्या जागी सुगंधा आली.

सुगंधा वरठा, इयत्ता दहावी. चिंचोटीला धबधब्याची गर्दी ज्या वाटेने जाते ती सोडून डोंगराच्या दुसऱ्या अंगाने चढत गेलं की तिचा पाडा लागतो. आमच्या चर्चने एक योजना काढली होती: निर्मळच्या बाजूच्या एकेका घराने पाड्यावरच्या एकेका मुलाचं शिक्षण उचलायचं. फी, वह्या-पुस्तकं, कामणच्या शाळेपर्यंतचा बसपास, क्लास, सगळं. मम्मी पोस्टातून रिटायर झाल्यापासून काहीतरी उचलायला शोधतच होती. तिने सगळ्यांत आधी हात वर केला आणि डबे घेऊन पाड्यावर फेऱ्या सुरू केल्या. मलाही बरं वाटलं. मी उदार माणूस आहे. जगातल्या प्रत्येक मुलाने शिकावं असं मला मनापासून वाटतं. फक्त त्याचे मार्क आमच्या घरात सांगू नयेत.

"सुगंधा डोंगर उतरून शाळेत जाते," मम्मी म्हणायची. "तुला कोपऱ्यावरून पाव आणायला स्कूटर लागते."

"तिला स्कूटर दिली तर तीही स्कूटरनेच जाईल, मम्मी."

"ती नाही जाणार."

किंवा जेवताना: "सुगंधा कारलं खाते. मागून घेते."

"कारलं कोणालाच आवडत नाही. ती खोटं बोलते."

"*ती* खोटं बोलत नाही," मम्मी म्हणायची. त्या 'ती'वर एवढा जोर असायचा की माझ्या ताटातलं कारलं हलायचं.

मुख्य दुखणं वेगळंच होतं. सुगंधा माझ्या मम्मीला 'आई' म्हणायची. मी मम्मी म्हणतो. आमच्या घरात 'आई' ही जागा रिकामी आहे हे पंचवीस वर्षांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ती पोरगी आली आणि भरून गेली.

फेब्रुवारीत विज्ञान प्रदर्शनात तिला बक्षीस मिळालं. मम्मीने तो फोटो मोठा करून फ्रेम केला. आता मधल्या कप्प्यात दुसरं काही मावेना. पेस्ट कंट्रोलवाला आला, झुरळांचं औषध मारता मारता म्हणाला, "मुलगी काय?"

"मुलीसारखीच," मम्मी म्हणाली.

त्याने माझ्याकडे बोट केलं. "आणि हा?"

"हा ग्लेन."

सारखासुद्धा नाही. नुसता ग्लेन.

मी कामाला जातो ते वसई पूर्वेला, एका कंपनीत. वॉटर प्युरिफायरच्या तक्रारी फोनवर ऐकतो. दिवसभर लोक माझ्यावर ओरडतात आणि मी 'आपली गैरसोय समजू शकतो' म्हणतो. एका गुरुवारी घरी आलो, झुरळासारखा कप्प्यासमोर उभा राहिलो, आणि माझी गैरसोय समजणारं कोणीच नाही हे लक्षात आलं. मग मी ती फ्रेम उचलली.

फेकायची हिंमत नव्हती. लपवायची तर मम्मी पोस्टातली, हरवलेली वस्तू शोधण्यात तिची हयात गेली. हॉलच्या कोपऱ्यात आमचं अल्तार आहे: येशूचं पवित्र हृदय, बाजूला पप्पांचा फोटो, त्यावर छोटा लाल बल्ब. पप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. मी सुगंधाला पप्पांच्या शेजारी ठेवलं आणि स्वतःला खालच्या कप्प्यातून वर काढून धूळ पुसली.

मम्मी आली. तिला लगेच दिसलं. "फोटो कुठाय?"

"देवाजवळ ठेवलाय," मी म्हणालो. "बोर्ड जवळ आलंय ना."

मम्मीच्या डोळ्यांत पाणी आलं. "ग्लेन," ती म्हणाली, "तुझ्यात किती बदल झालाय रे." तिने फ्रेमसमोर मेणबत्ती लावली. वाडीतून शेवंती आणून वाहिली.

आता हे सांगायलाच हवं, की आमच्याकडे अल्तारावर, लाल बल्बखाली, मेणबत्ती आणि फुलांसकट माणसाचा फोटो लागतो तो एकाच कारणासाठी. आणि ते कारण बोर्डाची परीक्षा नसतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फर्डिनंड अंकल आले. ते चर्चच्या ऑफिसात बसतात. कोणाच्या नावाने कधी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, व्हायची, हे त्यांच्याकडे. केळीचा एक लोंगर घ्यायला आले होते. मम्मी आतून ओरडली, "फर्डी, रविवारची मिस्सा सुगंधाच्या नावाने लिही रे! मी तर नसणार, पाड्यावर जायचंय."

फर्डिनंड अंकलनी अल्ताराकडे बघितलं. डोक्यावरची टोपी काढली. हा गावातला सगळ्यांत हळवा गृहस्थ. दुःख झालेल्या घरात एक प्रश्न विचारणार नाही, म्हणजे माणसाला परत आठवायला नको. या नाजूकपणामुळे गावातल्या दोन थडग्यांवर चुकीच्या तारखा आहेत. मी त्या वेळी मधल्या कप्प्याकडे बघत समाधानाने सुस्कारा सोडत होतो. अंकलनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"धीर धर, बाबा."

मला वाटलं, नोकरीबद्दल बोलतायत. "धरलाय, अंकल," मी म्हणालो.

ते लोंगर न घेताच गेले.

रविवारी मम्मी सकाळीच चर्चच्या मंडळींबरोबर ईको गाडीने पाड्यावर गेली. मी मिस्साला शेवटच्या बाकावर, दाराजवळ, पंख्याखाली. मिस्सा सुरू व्हायच्या आधी माइकवर नावं वाचली गेली. दोन म्हातारे गेले होते, त्यांची. मग: "तसेच विनीबाई यांच्या कुटुंबातर्फे, कैलासवासी सुगंधा हिच्या आत्म्यास चिरशांती लाभावी म्हणून."

विनीबाई म्हणजे माझी मम्मी. मी उठून सांगायला हवं होतं. हे मला कळत होतं. पण तेवढ्यात मनात एक विचार आला, आणि तो फारच गोड होता: सुगंधा पहिल्यांदाच तिसरी आली.

शिवाय पुढच्या बाकावरून स्टेफीने मागे वळून बघितलं होतं. स्टेफी शाळेत माझ्या वर्गात होती. आता गणिताच्या शिकवण्या घेते. दहावीनंतर तिने माझ्याकडे वळून बघितल्याची ही पहिली वेळ. मिस्सा संपल्यावर ती स्वतःहून माझ्याजवळ आली.

"सॉरी, ग्लेन. केवढी होती?"

"पंधरा," मी म्हणालो. हे खरं होतं.

"कशाने रे?"

"अभ्यास," मी म्हणालो. "फार करायची."

स्टेफीने माझा हात धरला. मी दोन्ही डोळे मिटले. माणसाला किती सहन करावं लागतं!

घरी पोहोचतो तर माझ्या आधी गाव पोहोचलेलं. आमच्यात दुःख झालेल्या घरी चूल पेटवू देत नाहीत, शेजारी जेवण आणतात. मटिल्डा मावशी बोंबलाच्या कालवणाचं पातेलं घेऊन उभी. कोणी भात, कोणी भाकऱ्या. अंगणात चपलांचा ढीग. मटिल्डा मावशीनेही योजनेतला एक मुलगा घेतलाय. ती फोटोकडे बघून पदराने डोळे पुसत होती.

"हुशार तीच गेली बघ. आमचा आहे धडधाकट. सातवीत नापास."

कोणीतरी मला खुर्ची दिली. कोणीतरी पाणी. "बहीण गेली रे तुझी," म्हणून एका म्हाताऱ्याने माझं डोकं छातीशी धरलं, त्याच्या शर्टाला तपकिरीचा वास होता. मी मान हलवत होतो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा या घरात सगळे माझ्याकडे बघत होते, आणि हे सुगंधामुळे झालं होतं. मला तिच्याबद्दल जरा आपुलकी वाटायला लागली.

आणि गेटशी ईको थांबली.

मी आत होतो, मला दिसलं नाही. मम्मीने काय बघितलं असेल ते आता सांगू शकतो: उघडं दार, चपलांचा ढीग, रडून लाल झालेली मटिल्डा मावशी हात पसरून धावत येतेय. घरात सकाळी मागे राहिलेला माणूस एकच होता.

"ग्लेन!"

ही किंकाळी होती. माझी मम्मी मला दिवसातून तीस वेळा हाक मारते, मोटर बंद कर, गॅस बघ, मेलास का, यासाठी. असा माझ्या नावाचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी बाहेर धावलो. ती पायरीवरच खाली बसली होती. तिने मला बघितलं, दोन्ही हातांनी माझा चेहरा चाचपला, कान, नाक, केस, सगळं जागेवर आहे की नाही. मग उठून एक ठेवून दिली.

"जिवंत आहेस तर आतून ओ द्यायला काय झालं?"

"आई," मागून आवाज आला, "ही पिशवी कुठं ठेवू?"

कैलासवासी सुगंधा वरठा दप्तर, कपड्यांची पिशवी आणि करवंदाच्या लोणच्याची बरणी घेऊन अंगणात उभी होती. पाड्यावर लाइट जात होती, म्हणून मम्मीने तिला बोर्ड होईपर्यंत आमच्याकडे राहायला आणलं होतं. हे मला सरप्राइज होतं.

मटिल्डा मावशीने क्रूसाची खूण केली. एक भाकरी कोणाच्या तरी हातून पडली. सुगंधाने सगळ्यांकडे बघितलं, मग उघड्या दारातून आत, अल्ताराकडे. स्वतःचा फोटो, मेणबत्ती, शेवंती, लाल बल्ब. तिने नीट, शांतपणे, प्रश्नपत्रिका वाचावी तसं सगळं वाचलं.

"मी कवा गेले?" तिने विचारलं.

शेवटी फर्डिनंड अंकल टोपी चुरगळत म्हणाले, "शुक्रवारी, पोरी. संध्याकाळी. माझ्याकडून."

मग जे व्हायचं ते झालं. फोटो तिथे कोणी ठेवला, हे विचारलं गेलं. "देवाजवळ," मी म्हणालो, पण या वेळी मम्मीच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. स्टेफी दाराशी उभी होती. "अभ्यासाने गेली काय?" एवढंच म्हणाली आणि चपला शोधायला लागली. त्या ढिगात सापडायला वेळ लागला, तो सगळा वेळ ती माझ्याकडे बघत होती. पाहुणे हळूहळू पांगले. थोडे नाराजही होते. एवढं रडल्यावर माणूस जिवंत निघाला की आपलीच फसवणूक झाल्यासारखं वाटतं. पातेली मात्र परत नेणं कोणालाच बरं दिसेना.

सुगंधाने स्वतःच्या मयताचं जेवण दोनदा मागून घेतलं. "कालवण चांगलं झालंय," ती म्हणाली.

दुपारी मम्मी आडवी झाली. मी वाडीतल्या बावखलाच्या काठावर जाऊन बसलो. हे आमचं तळं. पाणी हिरवं असतं आणि त्यात बघितलं की आपण आजारी दिसतो. मनात मात्र ती किंकाळी होती. म्हणजे मीच, मी म्हणत होतो. शेवटी मीच. कप्प्यात कोणी का असेना, पायरीवर ती माझ्यासाठी बसली.

मागे पाचोळा वाजला. सुगंधा पुस्तक घेऊन आली आणि जरा अंतर ठेवून केळीच्या बुंध्याशी बसली.

"तुम्ही ग्लेनदादा."

"हो."

"नव्वद पॉइंट चार."

"काय?"

"दहावीला. तुम्हाला." तिने माझ्याकडे सरळ बघितलं. तिची नजर मला ओळखीची वाटली. मी रोज त्याच नजरेने शोकेसकडे बघत होतो. "आई सांगते. मना पूर्वपरीक्षेत ब्याऐंशी पडले, तर म्हणे, छान, पन आमच्या ग्लेनला नव्वद पॉइंट चार होते. मी डोंगर उतरून येते, तर म्हणे ग्लेन केळींना पानी लावताना हातात पुस्तक धरायचा."

मी केळींना पाणी लावताना हातात फोन धरायचो. एकदा तो याच बावखलात पडला.

"आणि कारलं," ती म्हणाली.

"कारल्याचं काय?"

"तुम्हाला लई आवडते म्हणे. म्हणून मी पन खाते." तिचं तोंड आठवणीनेच कडू झालं. "दोन वेळा मागून घेते. तुम्ही एकदा मागता ना?"

मी बावखलात एक खडा टाकला.

"मना तुमचा लई राग येतो," ती म्हणाली. अजिबात न चिडता. हवामान सांगावं तसं. "आमच्या बोकडाला मी तुमचं नाव ठेवलंय."

"ग्लेन?"

"ग्लेन."

"मग... त्याचं पुढे काय करणार?"

"रिझल्ट लागला की बघू."

मला दहावीला चौपन्न टक्के होते. गणितात पस्तीस. हे सांगायला तोंड उघडलं. एका वाक्याचं काम होतं. पोरगी मोकळी झाली असती, कारल्यातून सुटली असती, आणि मीही. पण त्या वाक्यात मम्मी खोटारडी ठरत होती. आणि दुसरी गोष्ट, जी खरी गोष्ट होती: आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्यावर जळत होतं. मी आठ महिने त्या पोरीवर जळलो होतो, मला त्याची किंमत माहीत होती. हे असं फुकट सोडवेना.

"गणितात दोन गेले," मी म्हणालो. "तपासणाऱ्याची चूक होती."

सुगंधाने ओठ घट्ट मिटले. मग पुस्तक उघडून माझ्यासमोर धरलं. "मग हे सांगा. उत्तर पुस्तकाच्या मागे आहे, पन येत कसं नाही कळत."

वर्गसमीकरण होतं. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. आमची ओळख नव्हती.

"आधी तू स्वतः प्रयत्न कर," मी गंभीरपणे म्हणालो. "उद्या बघतो. मी असाच शिकलो."

घरात गेलो तर मम्मी उठून लसूण सोलत होती.

"मम्मी. नव्वद पॉइंट चार?"

तिने वर बघितलं नाही. बोटं जरा थांबली, तेवढंच.

"पोरीला पुढे कोणीतरी दिसायला हवं ना रे. पाड्यावर दहावी झालेलं कोण आहे? मला जवळ तूच होतास."

"पॉइंट चार कशाला?"

"नुसतं नव्वद खोटं वाटतं."

"कारलं?"

"वाडीत खूप आलं होतं," मम्मी म्हणाली.

सोमवारी कामावरून सुटलो तो थेट स्टेफीच्या शिकवणीला. दारात उभा राहून सगळं सांगितलं. तिने हसू दाबलं, पण फार दाबलं नाही.

"तुला पस्तीस होते, ग्लेन. आणि तेही माझेच. तू मागच्या बाकावर होतास."

"म्हणूनच आलोय. मूळ मालकाकडे."

तिने मला बसवलं. आठवीच्या पोरांत, कारण वर्गसमीकरणाआधी मला आठवीचंही येत नव्हतं. बाकाखाली गुडघे मावत नाहीत. शेजारचा पोरगा उत्तर झाकून लिहितो. आता रोज संध्याकाळी मी तिथे शिकतो आणि घरी येऊन सुगंधाला, जणू जन्मापासून माहीत असल्यासारखं, शिकवतो. ती मान्य करत नाही, पण पटापट उचलते. माझ्यापेक्षा लवकर उचलते. तिने मला गाठू नये म्हणून मला रोज एक धडा पुढे राहावं लागतं. जेवणात कारलं असलं की आम्ही दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघत मागून घेतो. मम्मी कृतार्थ होऊन वाढत राहते.

अल्तारावरचा फोटो मम्मीने उतरवला. आता मधल्या कप्प्यात दोघं आहेत, सुगंधा बक्षिसासह आणि शेजारी मेणबत्तीवाला मुलगा. गेल्या आठवड्यात गॅसवाला आला. त्याने विचारलं, "हा कोण?" मी सांगायच्या आत सुगंधा पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, "ग्लेन. नव्वद पॉइंट चार." गॅसवाल्याने फोटोकडे आदराने बघितलं, मग माझ्याकडे बघून सिलिंडर आत नेऊन ठेवायला सांगितलं.

तेव्हापासून मला सुगंधाचा हेवा वाटत नाही. मला त्या नव्वद पॉइंट चारवाल्याचा वाटतो. पाणी लावता लावता वाचणारा, कारलं मागून घेणारा. मम्मी त्याच्याबद्दल पाड्यावर बोलायची तेव्हा तिचा चेहरा कसा असेल, ते मी कधी बघितलं नाही. सुगंधाने बघितलंय. आणि पायरीवर ती किंचाळली, ती आमच्या दोघांपैकी कोणासाठी, हे विचारायचं मी टाळतोय.

परवा घरात कोणी नव्हतं. मी तो मेणबत्तीवाला फोटो उचलला आणि खालच्या कप्प्यात ठेवून दिला. रिमोटजवळ.

संध्याकाळी आलो तर तो परत वर होता. सुगंधा समोर जमिनीवर बसून गणितं सोडवत होती.

"दादा, त्याला हलवू नका," ती म्हणाली. "मना तो समोर लागतो."